नसेला रक्त कुठून मिळतं, आणि वयाबरोबर ते का आटतं

मराठीत 'नस' हा शब्द मोठा घोटाळ्याचा आहे. रक्त काढताना सापडत नाही ती नस, आणि कंबरेत दबते तीही नसच. पहिलीत रक्त वाहतं, दुसरीतून संदेश धावतात. इथे विषय दुसरीचा आहे, पण गंमत अशी की तिचं जगणं अंगावरच्या बारीक रक्तवाहिन्यांवरच चालतं.

पायाच्या अंगठ्याची संवेदना वर आणणारा तंतू सुमारे १ मीटर लांब असतो. त्याच्या पेशीचं मुख्य शरीर मात्र कंबरेपाशी, मणक्यांलगत. प्रथिनं तिथे तयार होतात आणि तंतूतून खाली पाठवली जातात. या वाहतुकीला वाटेत ठिकठिकाणी ऊर्जा लागते, म्हणजेच ऑक्सिजन लागतो.

नस आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर बाहेर सैल आवरण दिसतं आणि त्यात धमन्या-शिरांचं जाळं. आत तंतूंचे जुडगे, प्रत्येक जुडग्याभोवती घट्ट वेष्टन, आणि जुडग्यात तंतूंना समांतर धावणाऱ्या केशवाहिन्या. बाहेरच्या वाहिन्या हे वेष्टन तिरप्या भेदून आत शिरतात. आतल्या आणि बाहेरच्या जाळ्यांचे जोड इतके असतात, की शस्त्रक्रियेत नस काही सेंटिमीटर मोकळी करून उचलली तरी सहसा तिचं काही बिघडत नाही. अडचण त्या तिरप्या वाटेत आहे. जुडग्यात सूज आली की वेष्टन ताणलं जातं आणि तिथून जाणारी वाहिनी चिमटते. शिवाय जुडग्यात लसीकावाहिन्या (पेशींबाहेरचं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या) नसतात, त्यामुळे साचलेलं पाणी लवकर निघत नाही.

दुसरी उणीव नियंत्रणाची. सरासरी रक्तदाब साधारण ६० ते १५० मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान कुठेही असला, तरी निरोगी मेंदू आपला रक्तपुरवठा जवळजवळ स्थिर राखतो. नसेला ही कला फारशी येत नाही. जुडग्यातल्या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायू नावापुरता असतो, त्यामुळे दाब उतरला की प्रवाहही उतरतो. नसेची भूक बेताची असल्याने तरुणपणी हे खपून जातं.

वय वाढतं तशी पुरवठ्यातली ही शिल्लक घटते. धमन्या कडक होतात. त्यांचं अस्तर वाहिनी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं. केशवाहिनीभोवतीचा तळपडदा, म्हणजे तिच्या पेशींना बाहेरून आधार देणारा पातळ थर, जाड होतो, म्हणजे रक्तातून तंतूपर्यंतची ऑक्सिजनची वाट लांबते. म्हाताऱ्या उंदरांच्या सायटिक (मांडीमागून पायात उतरणाऱ्या) नसेत प्रवाह कमी आणि वाहिन्यांचा रोध जास्त आढळला आहे. मात्र रक्त घटलं म्हणून तंतू गेले, की तंतू गेले म्हणून रक्ताची गरज घटली, हे नुसत्या अशा मोजणीवरून ठरत नाही. सगळा दोष रक्ताच्या माथी मारणं घाईचं आहे. मधुमेहातही हाच तळपडदा जाड होतो, म्हणून वय आणि साखर एकत्र आली की नुकसान वाढतं.

शिल्लक कमी असलेल्या नसेला दाब लवकर बाधतो. सशांवरच्या प्रयोगांत नसेवर २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याचा दाब येताच बारीक शिरांतला प्रवाह मंदावला, आणि ६० ते ८० ला रक्त पूर्ण थांबलं. ताणाचंही तसंच: लांबी ८ टक्के वाढली की प्रवाह रेंगाळू लागतो, १५ टक्क्यांच्या आसपास थांबतो. मनगटात हाडं आणि पट्टा यांच्यामधल्या ज्या अरुंद बोगद्यातून (कार्पल टनेल) नस हातात जाते, त्यात निरोगी माणसात दाब जेमतेम २-३ मिलिमीटर असतो. या बोगद्यात नस दबलेल्या रुग्णांत हात सरळ असतानाही तो ३० च्या घरात जातो, आणि मनगट दुमडलं की ९० च्या आसपास. मनगट दुमडून झोपणाऱ्याला रात्री मुंग्या येऊन जाग का येते, ते यावरून कळतं. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधतात ती त्यासाठीच.

वयामुळे होणारी झीज दोन्ही पायांत सारखी आणि सावकाश दिसते. १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची थरथर अंगठ्याला कमी जाणवते, घोट्याचा प्रतिक्षेप (टाचेमागे ठोकल्यावर पाऊल आपोआप हलणं) मंदावतो. बधिरपणा एकाच बाजूला असेल, आठवड्यांत वाढला असेल किंवा पाऊल उचलायला जड जात असेल, तर 'वयच झालं' म्हणून सोडू नये. साखर, बी१२ आणि थायरॉइड तपासावं; मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ हमखास. नसेतून संदेश धावण्याचा वेग मोजायचा असेल तर आधी पाय ऊबदार करून घ्यावेत, त्वचा निदान ३० ते ३२ अंश सेल्सियस हवी. तापमान एका अंशाने उतरलं तरी वेग सेकंदाला सुमारे २ मीटरने घटतो, आणि वयस्कांचे पाय तर मुळातच गार. नीट तापवले नाहीत, तर धडधाकट नसही कागदावर आजारी दिसते.