जॅकेट गळत नाही, घाम साठतो

हिवाळी ट्रेकहून आलेली मंडळी आमच्याकडून भाड्याने नेलेलं जॅकेट काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "हे गळकं निघालं, आतून ओलं झालं." पाऊस लागला का विचारलं, तर नाही, आकाश निरभ्र होतं, वारा मात्र बोचरा होता. मग पाणी आलं कुठून? तरीही तक्रार आली की आम्ही जॅकेट उलटं करून, बाहीत पाणी भरून तपासतो. ते वाळेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाला देता येत नाही आणि तुमची अनामतही तोवर अडकते. म्हणून हा कागद. पाठपिशवी भरण्याआधी वाचा.

बहुतेक वेळा पाणी तुमचंच असतं. पायथ्याशी पहाटे हुडहुडी भरते, म्हणून सगळे जाड जॅकेट चढवून, चेन गळ्यापर्यंत ओढून निघतात. पहिल्याच चढणीला अंग तापतं. जॅकेटचं कापड घामाची वाफ बाहेर सोडतं, पण त्याला मर्यादा आहे. ओझं घेऊन चढणाऱ्या माणसाचा घाम त्याहून वेगाने येतो. बाहेरच्या थराला गारठा लागलेला असतो, तिथे वाफेचं पाणी होतं. कडाक्याची थंडी असेल तर आतल्या बाजूला चक्क हिमकण धरतात. पिसांचं जॅकेट असेल तर पिसं ओली होऊन गोळा होतात. ऊब पिसांत अडकलेल्या हवेची असते. हवा गेली की ऊब गेली.

आत सुती बनियन असेल तर विचारूच नका. सूत घाम पितं आणि सोडत नाही. तापात कपाळावर ठेवतो तशी ओली पट्टी तुम्ही अंगभर गुंडाळलेली असते. चढताना ते जाणवत नाही. धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या कण्यावर, पोहोचून फोटोसाठी थांबलात की जाणवतं.

कारण धारेवर वारा असतो. उंची १००० मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, ते वेगळंच. हवेचं तापमान उणे १० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला उणे २० अंशांसारखी थंडी लागते. अंगालगतचा गरम हवेचा पातळ थर वारा सतत उडवून नेतो. हवामानाचा अंदाज बघताना म्हणूनच वाऱ्याचा आकडा आधी बघा. वारा अडवायला जाडी लागत नाही. वारा न शिरणारं पातळ कापड पुरतं.

म्हणूनच आम्ही एक जाडजूड जॅकेट न देता दोन देतो: चालताना घालायला पातळ वाराजॅकेट, आणि थांबल्यावर त्यावरून चढवायला मोठ्या मापाचं उबदार. भाडं वाढवायला करतात, असं काही जण म्हणतात. घरी पातळ वाराजॅकेट असेल तर घेऊन या, आम्ही बघून देतो आणि चालण्यासारखं असेल तर आमच्याकडून फक्त जाड न्या. आत काय घालणार, हेही आम्ही याचसाठी विचारतो, चौकशीची हौस नाही. खेळताना वापरता तो पॉलिस्टरचा टी-शर्ट चालतो. लोकरीचा पातळ बनियन उत्तम, ओला झाला तरी बऱ्यापैकी ऊब धरतो. तो अंगालगतचा कपडा, म्हणून भाड्याने देत नाही. विकत मिळेल, बोटांनी चाचपून बघा, टोचत नाही.

निघताना थोडं गार वाटलंच पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं चाललात की सगळ्यांनी मिळून एकदा थांबा आणि एकेक थर काढा. "सगळ्यांनी मिळून" हे मुद्दाम लिहिलंय. मित्रांच्या कंपूत एकट्याने थांबायची लाज वाटते, म्हणून माणूस घामाघूम होऊन चालत राहतो. दुसरी गोष्ट मागच्याची: पुढचे जोरात जातात, वाऱ्यात उभे राहून गारठतात, आणि शेवटचा धापा टाकत पोहोचला की लगेच निघतात. त्या बिचाऱ्याला पाठपिशवीतून जाड जॅकेट काढायलाही वेळ मिळत नाही. सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवा. थांबायचं ते धारेच्या आडोशाला, आणि जाड जॅकेट थंडी वाजायच्या आधी चढवा.

कुणी गप्प झालं, अडखळायला लागलं, चेन लावताना बोटं चालेनात, तर "मी ठीक आहे" यावर विश्वास ठेवू नका. वाऱ्याआड न्या, ओले कपडे बदला, जाड जॅकेट आणि कानटोपी घाला. गिळता येत असेल तर गरम गोड काहीतरी पाजा. दारू नको, हातपाय चोळणं नको. अंगात ऊब न येताच कुडकुडणं थांबलं तर प्रकरण गंभीर आहे. मदत मागवा, ट्रेक तिथेच संपला.

बारीकसारीक: हातमोजे बोटं एकत्र राहणारे न्या, बोटाबोटांच्या मोज्यांपेक्षा ते उबदार. दोन मोजे कोंबून बूट घट्ट करू नका, रक्त फिरत नाही. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो. विजेरीचे सेल आतल्या खिशात.

जॅकेट परत आणताना घरी धुऊ नका. कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाने वरचा पाणी झटकणारा लेप निकामी होतो. ओलं असेल तर पिशवीत न कोंबता सैल आणा आणि तसं सांगा. ओलं आणल्याबद्दल अनामत कापत नाही. शेकोटीच्या ठिणगीने पडलेल्या भोकांची मात्र कापतो.