एमसीबी पडत नाही, तरी शॉक बसतो

गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार निघाली की घरातलं कोणीतरी हमखास म्हणतं, "पण आपल्याकडे एमसीबी आहे ना!" आहे, पण तो वायरी जास्त प्रवाहाने जळू नयेत म्हणून आहे. माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी असतो तो आरसीसीबी. दोन्ही डीबीत, म्हणजे घरातल्या स्विचबॉक्सच्या मुख्य पेटीत, शेजारीशेजारी बसतात, दोघांनाही ब्रेकरच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

3 किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 13 अँपिअर घेतो. त्याच्या लाइनवर समजा 16 अँपिअरचा एमसीबी आहे. लोड त्याच्या बराच वर गेला की आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका पडतो. शॉर्टसर्किट झालं तर पट्टी तापेपर्यंत थांबून चालत नाही, तिथे कॉइलचं चुंबकत्व क्षणात काम उरकतं. माणसाचं गणित फार वेगळं. 30 मिलिअँपिअरच्या, म्हणजे 0.03 अँपिअरच्या वरचा प्रवाह छातीतून वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. 16 अँपिअरच्या एमसीबीला एवढ्याशा प्रवाहाचा पत्ताही लागत नाही.

आरसीसीबी एकूण लोड मोजतच नाही. त्याच्यात फेज (प्रवाह आणणारी तार) आणि न्यूट्रल (परत नेणारी तार) दोन्ही एकाच कड्यातून जातात. गेलेला प्रवाह तेवढाच परत आला तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना रद्द करतं. गिझरच्या कॉइलमधून थोडा प्रवाह पाण्यात, नळात आणि तुमच्या अंगातून जमिनीत गेला की परत येणारा प्रवाह कमी पडतो. तफावत 30 मिलिअँपिअरला पोचली की 0.3 सेकंदाच्या आत लाइन बंद व्हायला हवी, असं मानक आहे. झटका बसेल, पण चिकटून राहणार नाही. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर आरसीसीबीच्या लेखी तुम्ही आणि बल्ब सारखेच, तो पडणार नाही!

आरसीसीबीवर 40 अँपिअर छापलेलं असतं, ते वाचून लोक फसतात. तेवढा लोड तो सोसू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. 60 अँपिअर वाहिले तरी तो स्वतःहून पडणार नाही, म्हणून सोबत एमसीबी लागतोच. दोन्ही कामं एकातच हवी असतील तर आरसीबीओ मिळतो.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून वायरमनला सांगून तो बायपास करून घेणारी घरं कमी नाहीत. हा शुद्ध आत्मघात आहे. बाहेरच्या बेलच्या स्विचमध्ये ओल, पाण्याच्या पंपाचं जुनं वाइंडिंग, किंवा इन्व्हर्टर जोडताना भलत्याच लाइनला गुंडाळलेलं न्यूट्रल, यांपैकी काहीतरी बहुतेक वेळा सापडतं.

त्यावरचं 'टी' बटण अधूनमधून लाइट असताना दाबा. खटका पडला नाही तर आरसीसीबी बदला. या बटणाने अर्थिंगची तपासणी मात्र होत नाही, ती वायरमनकडून वेगळी करून घ्यावी लागते.