डॉक्टर हू श्राव्यनाट्ये आणि त्यांची समीक्षा

डॉक्टर हू श्राव्यनाट्ये : बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेतील पात्रे घेऊन केवळ ऐकण्यासाठी रचलेली पूर्ण लांबीची नाटके. ती मुख्यतः बिग फिनिश या ब्रिटिश निर्मितिसंस्थेने काढली. जुलै १९९९ ते मार्च २०२१ या काळात संस्थेच्या मुख्य मालेत २७५ प्रकाशने झाली. या मालेतले नाटक साधारणपणे दोन सीडींचे असे. त्याचे चार भाग पंचवीस-तीस मिनिटांचे, आणि पहिल्या तीन भागांचा शेवट कोणीतरी संकटात सापडल्यावर व्हायचा. मराठी श्रोत्याला आकाशवाणीवरची श्रुतिका हे याचे सर्वांत जवळचे नाते वाटेल. मात्र ही नाटके मुळात नभोवाणीसाठी केलेली नव्हती; ती विकत घेऊन घरी ऐकायची होती. म्हणून श्रोता एखादा प्रसंग मागे नेऊन पुन्हा ऐकू शकतो, आणि लेखकही तसे गृहीत धरूनच लिहितो. समीक्षा करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

मूळ मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिचा नायक डॉक्टर हा कालप्रवासी; मरणाच्या दारी तो नवे रूप घेतो, म्हणून ही भूमिका एकामागून एक वेगवेगळ्या नटांनी केली. कानाशी तिचे नाते पहिल्या दिवसापासूनचे आहे. रॉन ग्रेनर यांच्या शीर्षकधुनीला डेलिया डर्बिशर यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये फितीचे तुकडे जोडून रूप दिले. डॉक्टरचे कालयान ‘टार्डिस’ निघताना जो घरघरता आवाज येतो, तो ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारांवर घराची किल्ली घासून मिळवला. पुढे बीबीसीने जुन्या चित्रफिती पुसल्या आणि १९६० च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग नाहीसे झाले. पण त्यांतल्या प्रत्येक भागाचा आवाज शाबूत राहिला, कारण काही प्रेक्षकांनी ते भाग लागले असताना घरच्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. चित्र नसलेला ‘डॉक्टर हू’ ऐकण्याची सवय अशी आधीच जडलेली होती.

दूरचित्रवाणीवरची मालिका १९८९ मध्ये थांबली. १९९६ च्या एका चित्रपटात पॉल मॅकगॅन आठवा डॉक्टर झाले आणि पुन्हा शांतता पसरली. त्या मधल्या वर्षांत कादंबऱ्यांनी कथानक चालू ठेवले. बिग फिनिशने सुरुवात केली ती अशाच एका कादंबरीमालेतल्या बर्निस समरफील्ड या पुरातत्त्वज्ञ नायिकेपासून, १९९८ मध्ये. डॉक्टरचे हक्क मिळाल्यावर जुलै १९९९ मध्ये ‘द सायरन्स ऑफ टाइम’ आले. लेखन-दिग्दर्शन निकोलस ब्रिग्ज यांचे होते, आणि पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर व सिल्वेस्टर मॅकॉय हे तीन डॉक्टर त्यात एकत्र आले. नाटक म्हणून ते मध्यमच आहे. त्याचे मोल वाट मोकळी करून देण्यात आहे.

या नाटकांची पहिली कसोटी संवादांची. डोळ्यांसमोरचे दृश्य पात्राने तोंडाने सांगायचे, हा श्राव्यनाट्याचा जुनाच आजार. समोर राक्षस उभा असताना त्याच्या दातांचे आणि पंखांचे वर्णन करीत बसणारा माणूस कोणालाच खरा वाटत नाही. जानेवारी २००१ च्या ‘स्टॉर्म वॉर्निंग’मध्ये ही अडचण उघडी पडते. मॅकगॅन यांचे हे श्राव्य पदार्पण. सुरुवातीला त्यांचा डॉक्टर एकटाच असल्याने त्याला बरेच काही स्वतःशीच बोलावे लागते. तो आर-१०१ या हवाईजहाजावर पोहोचतो, शार्लट ऊर्फ चार्ली पोलार्ड ही धाडसी मुलगी त्याला भेटते, आणि नाटक एकदम श्वास घेऊ लागते. (आर-१०१ खरेच होते. ऑक्टोबर १९३० मध्ये ते इंग्लंडहून तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीकडे निघाले आणि फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळले. ५४ जणांपैकी ४८ दगावले. इतिहासाप्रमाणे मरायला हवी असलेली चार्ली डॉक्टरने वाचवली, याचे परिणाम पुढची कित्येक नाटके फेडत राहतात.) ऐकणाऱ्याला दोन माणसे मिळाली की वर्णनाची गरज निम्मी होते, चांगल्या लेखकांनी हे लवकर ओळखले.

या माध्यमाची ताकद पाहायची तर लेखक रॉबर्ट शिअरमन यांच्याकडे वळावे लागते. डिसेंबर २००३ च्या ‘स्केर्झो’मध्ये नट दोनच आहेत, मॅकगॅन आणि इंडिया फिशर. डॉक्टर आणि चार्लीची दृष्टी गेलेली आहे, म्हणजे श्रोत्याला जेवढे कळते तेवढेच त्यांना कळते. त्यांच्यासोबत ध्वनीतून घडणारे काहीतरी आहे आणि ते त्यांच्याच आवाजांतून बोलायला शिकते. हे नाटक पडद्यावर नेताच येणार नाही. २००२ च्या ‘द चाइम्स ऑफ मिडनाइट’मध्ये एडवर्ड राजाच्या काळातल्या घरात नोकर एकामागून एक मरतात, घड्याळ टोले देते, स्वयंपाकीणबाईंच्या प्लम पुडिंगबद्दलचे एकच वाक्य पुन्हापुन्हा येते, आणि प्रत्येक वेळी त्या साध्या वाक्याची भीती वाढत जाते. इथे समीक्षकाने कथानक सांगण्यापेक्षा टोल्यांच्या मधली शांतता ऐकायला हवी. ध्वनिसंयोजकाने कुठे हात आखडता घेतला, यावर अशा नाटकाचे यश ठरते.

मार्क प्लॅट यांचे ‘स्पेअर पार्ट्‌स’ (जुलै २००२) या सर्वांत हृदयाला भिडणारे आहे. पृथ्वीचा जुळा ग्रह मोंडस, जमिनीखालचे थंडगार शहर, खंगत चाललेली माणसे, आणि जगण्यासाठी स्वतःचे अवयव बदलता बदलता त्यांचे होत जाणारे सायबरमेन. हार्टली कुटुंबातली यव्हॉन कामासाठी म्हणून नेली जाते आणि अर्धवट बदललेल्या अवस्थेत घरी वडिलांकडे परतते. ब्रिग्ज यांनी सायबरमेनसाठी १९६६ मधला मूळ, हेलकावे खाणारा सूर परत आणला. त्या सुरात मुलीची ओळख चाचपडणारा बाप ऐकताना चित्राची उणीव भासत नाही. चित्र असते तर धातूचा मुखवटा आड आला असता. या नाटकाविषयी लिहिणारे बहुतेक जण याच प्रसंगापाशी थांबतात, आणि ते योग्यच आहे.

रचनेचे प्रयोगही पुष्कळ झाले. ‘फ्लिप-फ्लॉप’ (२००३) च्या दोन सीडींपैकी कोणतीही आधी ऐकावी, कथा पुरी होते. ‘लाइव्ह ३४’ (२००५) सबंध नाटक बातमीपत्रांच्या रूपात सांगते. ‘क्रीचर्स ऑफ ब्यूटी’ (२००३) मध्ये घटनांचा क्रम मोडलेला आहे आणि श्रोत्याला तो मनात जुळवावा लागतो. ‘द नॅचरल हिस्ट्री ऑफ फिअर’ (२००४) ओळखीच्या आवाजांवरच्या आपल्या भरवशाचा उपयोग करून घेते. त्याबद्दल याहून अधिक सांगणे न ऐकलेल्यावर अन्याय ठरेल. रहस्य न फोडण्याचा संकेत या समीक्षेत कटाक्षाने पाळला जातो तो यामुळेच. अर्थात त्या संकेताआड दडून ‘छान आहे, ऐका’ एवढ्यावर भागवणारी परीक्षणेही होतात. चांगला समीक्षक रहस्याला हात न लावता त्याची बांधणी दाखवतो.

श्राव्यनाट्यांनी दोन नटांना न्याय दिला, ही नोंद ठळकपणे करायला हवी. कॉलिन बेकर यांना १९८६ मध्ये भूमिकेवरून दूर केले गेले. त्यांच्या वाट्याला भडक, ठिगळाठिगळांचा कोट आणि उर्मट स्वभावाचा डॉक्टर आला होता. आवाजात कोट दिसत नाही. उरला तो त्यांचा भारदस्त, खेळता स्वर. मार्च २००० च्या ‘द मेरियन कॉन्स्पिरसी’मध्ये त्यांना इव्हलिन स्मायथ ही पंचावन्न वर्षांची इतिहासाची प्राध्यापिका सोबतीण म्हणून मिळाली. मॅगी स्टेबल्स यांनी रंगवलेली इव्हलिन डॉक्टरला दटावते, कोको पाजते, आणि त्याच्या उर्मटपणाखालचा मायाळूपणा वर काढते. ‘डॉक्टर हू अँड द पायरेट्‌स’ (२००३) मध्ये समुद्री चाच्यांची गोष्ट ती आपल्या एका विद्यार्थिनीला सांगते. सांगताना गोंधळते, दुरुस्त करते, मध्येच सगळे गाऊ लागतात. आणि ही गंमत एका खोल दुःखाला सांभाळण्यासाठी चालली आहे, हे हळूहळू उमगते. दुसरे नट मॅकगॅन. पडद्यावर एका चित्रपटापुरता राहिलेला त्यांचा डॉक्टर नाटकांतून वर्षानुवर्षे वाढला. नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ या छोट्या चित्रित भागात मरताना त्याने चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली ही नावे घेतली. ती सारी श्राव्यनाट्यांतल्या सोबत्यांची होती.

२००५ मध्ये मालिका परतली तेव्हा देवाणघेवाण दिसू लागली. शिअरमन यांच्याच ‘ज्युबिली’ (२००३) मध्ये लंडन टॉवरमध्ये कोंडलेला एकटा डालेक, म्हणजे डॉक्टरच्या चिलखतबंद जुन्या शत्रूंपैकी एक, होता. ती कल्पना त्यांच्या ‘डालेक’ या २००५ च्या भागात भूमिगत तळावर गेली. २००६ मधल्या सायबरमेनच्या कथेत प्लॅट यांचे श्रेयनामावलीत आभार मानले गेले. आणि पडद्यावरच्या डालेकांना आवाज मिळाला तो निकोलस ब्रिग्ज यांचा.

दोष आहेतच. दरमहा नाटक काढण्याच्या वेगाने काही संहिता घाईच्या वाटतात. जुने शत्रू फार वेळा परततात, आणि आधीची दहा नाटके ऐकल्याशिवाय कळणार नाहीत असे संदर्भ नव्या श्रोत्याला दारातच थांबवतात. एकच नट तीन भूमिका करतो तेव्हा आवाज वेगळे राहतात का, हेही तपासावे लागते.

सर्वांत नाजूक प्रश्न आहे दिवंगत नटांच्या भूमिकांचा. २०१५ पासून टिम ट्रेलोअर तिसऱ्या डॉक्टरची भूमिका करतात. त्यांचा आवाज मूळ नट जॉन पर्टवी यांच्याशी किती जुळतो, यावर श्रोत्यांत मतभेद आहेत. पण हुबेहूब नक्कल हा चुकीचा मापदंड वाटतो. लय आणि अधिकार सापडला की कान जुळवून घेतो. याचे उत्तम उदाहरण फ्रेझर हाइन्स. १९६६ ते १९६९ या काळात त्यांनी पॅट्रिक ट्राउटन यांच्या डॉक्टरचा सोबती जेमी साकारला. श्राव्यनाट्यांत ते जेमी तर झालेच, शिवाय ट्राउटन यांचा तो मिस्कील, अडखळता सूरही त्यांनी स्वतःच काढला. एकाच प्रसंगात जेमी विचारतो आणि डॉक्टर उत्तर देतो. दोन्ही आवाज एकाच गळ्यातून येत आहेत, हे ठाऊक असूनही ऐकणाऱ्याला दोन मित्र बोलताना ऐकू येतात.