बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र: म्हातारपणाची सोय करताना घर कोणत्या कागदाने द्यावे

घर मुलाच्या नावावर करून दिले की म्हातारपणाची काळजी मिटली, असे सोलापूरच्या पेठांमधली अनेक वडीलधारी मंडळी मनापासून मानतात. ते बक्षीसपत्राने करायचे की मृत्युपत्राने, हे मात्र बहुतेक घरांत आधी ठरलेले नसते. कागद तयार करणारा जो सुचवेल त्यावर सही होते. गल्लत होणे स्वाभाविक आहे. दोन्ही कागदांवर किमान दोन साक्षीदार लागतात, दोन्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवता येतात आणि घर कोणाला द्यायचे हेच दोन्हींत लिहिलेले असते. परंतु बक्षीसपत्राने घर आजच जाते, तर मृत्युपत्राने ते आपण डोळे मिटल्यावर जाते. मधल्या ज्या वर्षांत गुडघे, नजर आणि स्मरणशक्ती एकेक करून साथ सोडतात आणि अंघोळीपासून औषधापर्यंत दुसऱ्याचा हात लागतो, त्या वर्षांत घर कोणाचे असेल, हे या एका फरकावर अवलंबून असते.

बक्षीसपत्राचा विचार आधी करू, कारण धोका तिथे अधिक आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 नुसार स्थावर मालमत्तेचे बक्षीसपत्र नोंदवावेच लागते आणि देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याने ते स्वीकारावे लागते. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुले किंवा नातवंडांना बक्षीस द्यायचे असेल, तर मुद्रांक शुल्क केवळ 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा. खर्च इतका कमी असल्यामुळे ‘आत्ताच करून टाकू, पुढे भानगड नको’ असा आग्रह घरात सहज होतो.

समजा, यंत्रमागावर आयुष्य घालवलेल्या एका गृहस्थांचे भवानी पेठेत दुमजली घर आहे. खाली पती-पत्नी राहतात, वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या आहेत आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला आहे. निवृत्तिवेतन असलेच तर भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतले, ज्याची 2014 मध्ये ठरलेली किमान रक्कम महिना 1,000 रुपये आहे. उद्या अंथरुणाला खिळण्याची वेळ आली, तर घरी येणाऱ्या मदतनीस बाईंचा पगार वरच्या खोल्यांच्या भाड्यातूनच निघणार आहे. हे गृहस्थ निबंधक कार्यालयात जातात, छायाचित्र काढले जाते, अंगठा यंत्रावर ठेवला जातो, आणि थोड्या वेळात घर मुलाचे होते. त्यानंतर सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर, महापालिकेच्या कराच्या पावतीवर आणि पुढच्या भाडेकरारावर मुलाचे नाव येते. भाडे घेण्याचा हक्कही त्याचाच होतो. मुलगा वाईट आहे असे यात मुळीच गृहीत धरलेले नाही. त्याने व्यवसायासाठी घर गहाण ठेवले आणि हप्ते थकले, तर बँक त्याच घरावर येईल. त्याहून वाईट म्हणजे मुलाचे अकाली निधन झाले आणि त्याने मृत्युपत्र केलेले नसले, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार त्याची पत्नी, मुले आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात. वडील दुसऱ्या वर्गात मोडतात. म्हणजे ज्यांनी घर बांधले आणि बक्षीस दिले, त्या वडिलांच्या वाट्याला त्यातले काहीही येत नाही. ही गोष्ट सही करण्यापूर्वी फार थोड्या लोकांना कोणी सांगते.

मृत्युपत्राचे तसे नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 प्रमाणे ते करणाऱ्याला हयातीत केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, तरी ती करून ठेवणे शहाणपणाचे असते. घर शेवटपर्यंत आपलेच राहते, भाडे आपल्याच हाती येते आणि गरज पडल्यास ते घर विकून त्या पैशांतून वृद्धाश्रमाची अनामत भरता येते. आधी केलेले मृत्युपत्र त्याच्या आड येत नाही. साठी ओलांडलेल्या व्यक्तीने राहत्या घरावर बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची, म्हणजे रिव्हर्स मॉर्टगेजची सोय 2007 पासून आहे. तीही घर स्वतःच्या नावावर असेल तरच मिळते. साक्षीदार मात्र आपल्यापेक्षा तरुण निवडावेत, कारण पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी एकाला न्यायालयात साक्ष द्यावी लागते. ज्याला घर मिळणार आहे, त्याने मृत्युपत्र करून घेण्यात पुढाकार घेतलेला नसणेही तितकेच महत्त्वाचे, कारण अशा पुढाकारावरूनच संशय घेतला जातो.

घर वडिलोपार्जित असेल, तर आपल्या वाट्यापुरताच अधिकार चालतो. मुस्लिम कुटुंबांत हिबा, म्हणजे बक्षीस, तोंडीही होऊ शकतो, पण ताबा द्यावा लागतो. आणि या कुटुंबांत इतर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही. सरकारी योजनेतून मिळालेल्या घराच्या हस्तांतरणावर अटी असू शकतात, त्या आधी वाचून घ्याव्यात.

माझे मत स्पष्ट आहे: ज्यांच्याजवळ घराखेरीज मोठी पुंजी नाही, त्यांनी बक्षीसपत्र करू नये. तरीही करायचेच असेल, तर त्यात दोन गोष्टी शब्दांत याव्यात. पहिली, ‘लिहून देणार व त्यांची पत्नी यांना सदर घरात तहहयात राहण्याचा व वरच्या मजल्याचे भाडे घेण्याचा हक्क राहील.’ असा हक्क राखूनही बक्षीसपत्र वैध ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये सांगितले आहे. दुसरी, ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचे अन्न, वस्त्र, औषधोपचार व शुश्रूषा सांभाळण्याच्या अटीवर हे बक्षीसपत्र केले आहे.’ ‘प्रेमापोटी व स्वखुशीने’ हे नेहमीचे शब्द पुरेसे नाहीत. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाविषयीच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 प्रमाणे सांभाळण्याची अट मोडली गेली तर हस्तांतरण रद्द करून मागता येते. पण मुळात अट होती हे दिसावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगून एका आईला तिचे घर परत देवविले. त्या प्रकरणात मुलाने आईला सांभाळण्याचे वेगळे वचनपत्र लिहून दिल्याची बाब होती.

घर आपल्या नावावर ठेवूनही एक उणीव उरते. स्मृतिभ्रंशासारख्या आजारात स्वतःचा व्यवहार स्वतःला कळेनासा झाला, तर मृत्युपत्राचा काहीच उपयोग नसतो, कारण ते अजून लागूच झालेले नसते. मुलाला दिलेले साधे मुखत्यारपत्रही देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की भारतीय करार कायद्यानुसार संपुष्टात येते. म्हणून हात-पाय चालत आहेत तोवरच भाडे ज्या बँक खात्यात जमा होते, ते पत्नी किंवा विश्वासू अपत्यासह ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने संयुक्त करून घ्यावे. बँकेच्या अर्जातला हा एक रकाना भरलेला असला, तर मदतनीसाचा पगार कठीण महिन्यांतही थांबत नाही.

ज्यांनी बक्षीसपत्र आधीच करून दिले आहे, त्यांनी ते काढून त्यातली अटींची कलमे एकदा वाचावीत. सांभाळण्याची अट असेल आणि ती पाळली जात नसेल, तर निर्वाह न्यायाधिकरणाकडे कलम 23 खाली अर्ज करता येतो. हे न्यायाधिकरण प्रांताधिकाऱ्यांकडे असते. अट नसेल, तरीही मुलांकडून निर्वाहभत्ता मागण्याचा हक्क वेगळा आहे आणि तो बक्षीसपत्राने बुडत नाही. या कायद्यात त्याची कमाल मर्यादा दरमहा 10,000 रुपये आहे आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल देण्याची तरतूद आहे. अर्ज कसा करायचा याची माहिती ज्येष्ठांच्या 14567 या मोफत मदतवाहिनीवर विचारता येते.