कृष्णधवल स्ट्रीट फोटोग्राफी (आस्वाद)

रस्त्यावर आपापल्या कामात असलेल्या माणसांना न थांबवता, नकळत टिपलेल्या कृष्णधवल छायाचित्रांचा कलाप्रकार. 1925 मध्ये बाजारात आलेल्या, हातात मावणाऱ्या लायका कॅमेऱ्यामुळे तो बहरला. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ (1908–2004) हे त्यातले सर्वांत मोठे नाव. त्यांच्या 1952 सालच्या पुस्तकामुळे ‘निर्णायक क्षण’, म्हणजे समोरचे सगळे नेमके जुळून येते तोच क्षण टिपणे, ही कल्पना जगभर रुजली. भारतात छायाचित्रकार रघू राय यांनी ही परंपरा पुढे नेली.

असे चित्र पाहताना आधी चेहरा शोधू नये, उजेड पाहावा. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि भर दुपारी सावली पायाशी गोळा होते. सीताबर्डीतून तेव्हा दुपट्ट्याने तोंड गच्च बांधलेल्या मुली गाड्यांवरून जातात. रंगीत चित्रात नजर दुपट्ट्यावरच्या फुलांत अडकते. कृष्णधवल चित्रात ती फुले करडी होऊन मागे सरतात आणि कापडाच्या फटीतले, उन्हाने बारीक झालेले दोन डोळे समोर येतात. या कलेचे सामर्थ्य ते हेच.

सगळीकडे मात्र ते चालत नाही. संत्र्यांचा ढीग रंगाविना नुसते करडे गोळे होतो. तिथे रंगच हवा. याउलट नागपुरात तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निघणारी मारबतीची, म्हणजे इडापीडा घालवण्यासाठी काढलेल्या काळ्या-पिवळ्या पुतळ्यांची मिरवणूक. पिवळा रंग मुळात उजळ, म्हणून पिवळी मारबत फिकट करडी दिसते. काळी काळीच राहते. मग ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत उचललेले हात, बापाच्या खांद्यावरचे घाबरलेले पोर, गच्चीच्या कठड्यावरून वाकलेल्या बायका हे सगळे एकेक करून दिसू लागते.

कॅमेरा दिसताच माणूस सावरून उभा राहतो, म्हणून न सांगता टिपायचे. पण फुटपाथवर निजलेल्या माणसाची केवळ गरिबी दाखवणारे चित्र कितीही देखणे असले तरी उणेच मानावे. ज्याचे चित्र, त्याला ते दाखवता आले पाहिजे.

शक्य असेल तर छापील प्रत पाहावी. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर गडद भाग एकसारखा काळा वाटतो. चांगल्या प्रिंटमध्ये नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एखाद्या जुन्या दुकानाच्या अंधारात आधी तराजूची दांडी दिसते, मग गादीची कड, आणि बऱ्याच वेळाने तिच्यावर बसलेला, आपल्याकडेच पाहणारा म्हातारा.