ठाण्याच्या पोरांचा आवाज कुठून आला?

ठाण्याच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहात कॉलेजांची एकांकिका स्पर्धा असली की पडदा उघडायच्या आधीच ‘अरे आवाज कुणाचाऽऽ’ ही आरोळी सुरू होते. मला तो आवाज अस्सल ठाण्याचा वाटतो, पण त्याची मुळं बरीच लांब पसरली आहेत.

पहिलं मूळ वादसभेचं. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. निबंध वाचायचा, मग त्यावर वाद घालायचा. नुसतं बोलून ही मुलं घरी गेली नाहीत, याचं मला फार अप्रूप आहे: पुढच्याच वर्षी याच मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि भाषण ऐकायला जाणं हा मराठी घरांचा शिरस्ता झाला.

एकांकिकेचं मूळ त्यामानाने कोवळं. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा सुरू केली, मुंबईत आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटरची) स्पर्धा आली. थोडं नेपथ्य, थोडा वेळ, खूप तालमी. कॉलेजच्या खिशाला परवडणारं नाटक.

ठाणं १८५३ पासून बोरीबंदरला रुळांनी जोडलेलं. १८९३ मध्ये इथे मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं, म्हणजे वाचणारं गाव आधीपासून होतंच. विद्या प्रसारक मंडळाचं कला-वाणिज्य महाविद्यालय १९६९ मध्ये आलं. मग १९७८ मध्ये मासुंदा तलावाकाठी रंगायतन. ठाण्यात तेव्हा महानगरपालिकाही नव्हती, ती १९८२ ची. नगरपालिकेच्या गावाने एवढं नाट्यगृह बांधावं, हे ठाणेकरांचं मोठं काम आहे. खाडीपलीकडे वाशीत पुढे विष्णुदास भाव्यांच्या नावाचं नाट्यगृह झालं.

वादसभेची आणि एकांकिकेची, या दोन्ही वाटा विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकत्र येतात. वादविवादात एकाच कॉलेजचा एक जण अनुकूल बाजू मांडतो, दुसरा प्रतिकूल. शेजारच्या वर्गात प्रहसनाची तालीम चाललेली असते आणि बरेचदा मुलं तीच असतात. शब्दाची फेक तिथूनच घडते.

आणि २५ जानेवारीची रात्र म्हणजे चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा. इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच तिथे रंगतात, रात्रभर. उजाडता उजाडता सेट टेम्पोत चढतो आणि घसा बसलेली पोरं ठाण्याची लोकल पकडतात.