टीव्हीच्या डोंगलने पकडलेली विमानं

गच्चीवर सात सेंटीमीटरची उभी तार, तिच्याखाली यूएसबीचा टीव्ही डोंगल आणि तो खोचलेला एटीएम कार्डाएवढा संगणक, रास्पबेरी पाय. एवढ्या सामानावर घरबसल्या दोन-अडीचशे किलोमीटरवरची विमानं नकाशावर सरकताना दिसतात. पाहुणे हमखास विचारतात, "हे हॅकिंग तर नाही ना?" नाही. विमान स्वतःच ओरडून सांगत असतं, आपण फक्त कान लावतो. ते का ओरडतं, हा खरा इतिहास.

जुनं रडार म्हणजे हाळी देऊन प्रतिध्वनी ऐकण्याचा प्रकार. दिशा आणि अंतर कळायचं, उंची नाही. मग दुय्यम रडार आलं. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर विचारायचं, विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० वर उत्तर देणार. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात यातूनच 'मोड एस' हा प्रश्नोत्तरांचा नवा प्रकार घडला आणि प्रत्येक विमानाला स्वतःचा २४ बिटांचा पत्ता मिळाला. या उत्तरांची किंमत आपल्याला १२ नोव्हेंबर १९९६ ला कळली. हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेलं सौदियाचं ७४७ आणि दिल्लीत उतरू पाहणारं कझाकस्तानचं इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारला उंची दिसतच नव्हती. त्यानंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. ही यंत्रणा शेजारच्या विमानांच्या ट्रान्सपॉन्डरचं ऐकूनच चालते. ते कुठल्याही देशाच्या, कुठल्याही कंपनीच्या विमानाला समजायला हवं, म्हणून या सिग्नलला कुलूप नाही.

एडीएस-बी ही त्याची पुढची पायरी. कुणी विचारण्याची वाट न पाहता विमान आपली जीपीएसवरची जागा सेकंदाला साधारण दोनदा सांगत राहतं.

छंदिष्टांना हे ऐकू यायला मात्र वेळ लागला. त्याआधी दुर्बीण, वही आणि विमानतळाचं कुंपण एवढाच खेळ होता. २००५ मध्ये ब्रिटनच्या कायनेटिक कंपनीने हे संदेश पकडणारी एसबीएस-१ ही पेटी काढली. किंमत काहीशे पौंड, म्हणजे हौसेला मोल असणाऱ्यांसाठीच. पुढच्या वर्षी स्वीडनमधल्या दोघा शौकिनांनी असे रिसीव्हर जोडायला सुरुवात केली, त्याचंच पुढे फ्लाइटरडार२४ हे विमानं नकाशावर दाखवणारं संकेतस्थळ झालं. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा ज्वालामुखी उसळला, युरोपचं आकाश रिकामं झालं आणि तो रिकामा नकाशा बघायला जग लोटलं.

खरी गंमत २०१२ ची. आरटीएल२८३२यू ही चिप डिजिटल टीव्हीसाठी बनलेली. पण एफएम रेडिओचं काम चिपमध्ये न करता संगणकावर ढकलायचं म्हणून तिच्यात सिग्नलचे कच्चे नमुने सरळ यूएसबीवर सोडणारी एक वाट ठेवलेली होती. त्या फेब्रुवारीत अँटी पालोसारी या फिनिश प्रोग्रामरने ती वाट उजेडात आणली आणि ऑस्मोकॉम या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींनी तिच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं. वीसेक डॉलरच्या टीव्ही डोंगलचा सर्वभक्षी रेडिओ झाला. योगायोग असा, की त्याच महिन्याच्या २९ तारखेला ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय विक्रीला आला.

दोघांची सोयरीक जुळवली साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने. डेटाबेसवाले त्याला त्याच्या रेडिस या डेटाबेसमुळे ओळखतात. डोंगलच्या नमुन्यांतून विमानांचे संदेश वाचणारं त्याचं डम्प१०९० हे सॉफ्टवेअर मला आजही सुबक वाटतं. विमानाचा एक बिट एक मायक्रोसेकंदाचा, आणि डोंगल सेकंदाला २० लाख नमुने देतो. म्हणजे बिटामागे दोनच नमुने! पहिला मोठा असेल तर एक, दुसरा मोठा असेल तर शून्य. असे ११२ बिट जुळले की एक संदेश. प्रवासी विमानांचे हे संदेश हेक्स आकड्यांत (सोळाच्या पटीत) लिहिले, तर बहुतेकदा '८डी'ने सुरू होतात आणि त्यापुढे '८०' दिसलं, की विमान भारतात नोंदलेलं, शेपटीजवळ 'व्हीटी' लिहिलेलं. डम्प१०९० आपला डेटा ३०००३ या पोर्टवर देतं. तो आकडा त्या जुन्या महागड्या एसबीएस-१ पेटीकडून आलेला.

पुढे व्यवहार आला. घरच्या रास्पबेरी पायवरचा डेटा द्या, आम्ही तुम्हाला महागडं खातं फुकट देतो, असं फ्लाइटरडार२४सारख्या कंपन्या म्हणू लागल्या. माझ्या मते त्यात जास्त फायदा कंपन्यांचाच, पण माझंही खातं आहेच. या डेटाचं वजन मार्च २०१५ मध्ये दिसलं. जर्मनविंग्सचं विमान आल्प्समध्ये कोसळलं तेव्हा ऑटोपायलटची उंची ३८,००० फुटांवरून ९६ फुटांवर फिरवली गेल्याचं याच संदेशांतून बाहेर आलं.

काही संकेतस्थळं मालकांच्या विनंतीवरून विमानं लपवतात. तसं न करणारं म्हणून एडीएस-बी एक्स्चेंज शौकिनांचं लाडकं होतं. जानेवारी २०२३ मध्ये ते जेटनेट कंपनीला विकलं गेलं. आपण फुकट दिलेला डेटा परस्पर विकला, म्हणून कित्येकांनी त्याला पुरवठा बंद केला आणि महिन्याभरात नवी जाळी उभी राहिली. गच्चीवरची तार, डोंगल आणि पाय होते तिथेच राहिले. बदलली ती सेटिंगच्या फाइलमधली सर्व्हरच्या पत्त्याची एक ओळ.